शेवंतीची पाठ

सन पंच्याऐंशी. चारकोपच्या एका बंद कारखान्यात काही हौशी मंडळी भुताचा सिनेमा काढत होती. भूत झाली होती सोळा वर्षांची शेवंती. तिच्या पाठीवर खरंच मोठं कुबड होतं.

त्या दुपारी तिची आई सुगंधा धावतच सेटवर आली. दोन वर्षं हॉस्पिटलात खेटे घातल्यावर ऑपरेशनची तारीख मिळाली होती. वाकडा कणा फुप्फुसांवर दाबत होता. आता थांबलात तर पोरगी हातची जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"चल गो बाय, आजच अ‍ॅडमिट व्हायचंय!"

"बिनधास्त जा गं," दिग्दर्शक नंदू मनापासून म्हणाला. "दुसऱ्या कुणाला तरी रबराचं कुबड लावू. तू नीट बरी हो."

शेवंतीने आईचा हात सोडवून घेतला आणि ती कॅमेऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"अगं, मरशील!" सुगंधाने तिचे पायच धरले. "असं काय करतेस?"

शेवंती रडत म्हणाली,



"आये, शाळेत माझ्या बाकावर कुणी बसायचं नाय गो. इथे सगळे माझी वाट बघतात. पाठ सरळ झाल्यावर मला कोण बोलावणार?"