छातीवरचा हात

बर्लेस्क म्हणजे गाण्यावर एकेक कपडा उतरवत करायचा नाच, हे सुप्रीतानं अखेर सांगून टाकलं, आणि मंडी मोहल्ल्यातल्या दुकानात म्हाताऱ्या शिंपी अज्जांचं शिलाई मशीन थांबलं. आता हाकलणारच, असं धरून तिनं घाईघाईनं मोबाइल पुढे केला. जुन्या कन्नड सिनेमातली मादक मदनमाला छातीवर हात दाबून नाचत होती.

"अज्जा, मला अस्साच झगा हवा. आम्ही बर्लेस्कवाल्या सगळ्या हिच्याकडूनच शिकलो. तो हात बघा ना! आता काढेल, मग काढेल, म्हणून बघणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो."

अज्जांचा चेहरा पांढराफटक पडला.

 

"अय्यो पुट्टी, तो झगा मीच शिवलेला. ऐन शॉटमध्ये हूक तुटला. अंगावरचं उतरू नये म्हणून बिचारी नटी गाणं संपेपर्यंत धरून होती."