दाराचा सूर

धाकटीने दृष्टी गेलेल्या ताईसाठी रक्त आटवून मोबाइलचं सॉफ्टवेअर लिहिलं होतं. भिंत जवळ आली की खर्जातला सूर, दार आलं की वरचा. आता एका बड्या कंपनीने तसंच बाजारात आणलं. वकीलबाई म्हणाल्या, "कोड कॉपीराइटने तुमचाच. पण त्यांनी स्वतःचा लिहिलाय. युक्तीला पेटंट लागतं, आणि ती तुम्ही आधीच जगाला दाखवून बसलात. आता ते मिळणार नाही." धाकटीचा चेहरा पडला. ताईने विचारलं, "म्हणजे आता कुणीही असं बनवेल?" "अगदी कुणीही," वकीलबाई म्हणाल्या. "मग माझ्यासारख्या कितीजणी गाणं ऐकत फिरतील गं!" ताई खुदकन हसली. ऑफिसबाहेर जिन्यात मात्र धाकटीला रडू फुटलं. ताईने आपला इअरफोन तिच्या कानात घातला. "डोळे मिट." अंधारात भिंती हळूहळू गुणगुणू लागल्या. खाली कुठेतरी एक दार गात होतं. ताईचं बोट धरून धाकटी त्या दाराकडे उतरत गेली.