एक पॉइंट आठ

महिनाभर पुस्तक घोटल्यावर कॅमेऱ्याचं अ‍ॅपर्चर एकदाचं बँकेतल्या अभिरामच्या डोक्यात शिरलं. आकडा लहान, तर भोक मोठं. भोक मोठं, तर मागचं सगळं धूसर. त्यामुळे खारघरच्या गोटीरामबाबांनी फोटोसाठी त्याला हट्टाने आपल्या शेताच्या बांधावर नेलं, तेव्हा त्याने आकडा थेट एक पॉइंट आठवर आणला.

पंधरा दिवसांनी तो ऐटीत प्रिंट घेऊन बाबांच्या ओट्यावर हजर झाला.

"बघा बाबा, मागचा पसारा गायब! सुरकुती न् सुरकुती मोजून घ्या."

बाबा कितीतरी वेळ फोटोतल्या हिरव्या डागावर अंगठा फिरवत राहिले.

"नाही आवडला? परत काढू या."

बाबांनी समोर पाहिलं. बांध होता तिथे नव्या सेक्टरसाठी डंपर भराव ओतत होते.

"काड ना," बाबा म्हणाले. "मी हाय अजून."