नवसाचा मेंढा

फोन ठेवला आणि शालू कातर शोधायला लागली.

घरात फोन घ्यायचं काम तिचंच. बाप कडूबा मेंढरं घेऊन शेंद्र्याकडं गेलेला, आई मंजुळाबाई चिकलठाण्यातल्या नव्या बिल्डिंगमध्ये झाडलोटीला. दोघांनाही फोनवरच्या हिंदीची भारी धास्ती. "नववीत गेलीस ना, तूच बोल," म्हणून फोन पोरीच्या गळ्यात पडलेला. एरवी ती ऐटीत बोलायची. आज तिचा भाऊ गोकुळ ज्या पलटणीत होता, तिथले सुभेदार सरहद्दीवरून बोलले. घरात मोठं कोण आहे, असं त्यांनी आधी विचारलं.

"मैं हूँ," शालू म्हणाली.

मग त्यांनी सांगितलं. पहाटेच्या तोफमाऱ्यात गोकुळ गेला होता.

पत्र्याच्या खोलीपुढं लिंबाखाली मेंढा बांधलेला होता. गोकुळची बदली सरहद्दीवर झाली तेव्हाच आईनं हा मेंढा खंडोबाला बोलला होता. लेक धडधाकट दारात येईल त्या दिवशी याची लोकर उतरवायची, तोवर कोणी कातर लावायची नाही. बाकीची मेंढरं कातरून झाली, हा तसाच राहिला. मे महिन्याच्या उन्हात एवढं ओझं अंगावर घेऊन तो दिवसभर धापा टाकायचा. शालू आईशी भांडायची, मुक्या जिवाचे हाल कशाला म्हणून. लढाई सुरू झाल्यावर मात्र तीही गप्प झाली. उलट मेंढ्याला पाणी पाजताना त्याच्या लोकरीला हात लावून पाया पडायला लागली.

कातर आढ्याला खोचलेली सापडली. शालूनं मेंढ्याचे पाय बांधले, त्याला आडवा पाडला आणि मानेपासून सुरुवात केली.

"घे," ती खंडोबाला म्हणाली. "आता कशाला राखायचा?"

रडू येत नव्हतं. राग येत होता. खंडोबाचा, सुभेदाराचा, सगळं नीट समजलेल्या आपल्या हिंदीचा. हात वेडावाकडा चालला होता, दोन ठिकाणी कातडीला लागलंही. लोकरीचा ढीग वाढत गेला तसं तिला एक बरं वाटलं. आई येईल, मेंढा बघेल आणि समजून जाईल. आपल्याला तोंडानं काही सांगावं लागणार नाही.

पाय सोडल्यावर मेंढा उठला, अंग झटकलं आणि गारव्याला बसावं तसा निवांत बसला. शालूला त्याचा तिरस्कार वाटला.

उन्हं कलली आणि मंजुळाबाई रस्त्यावरून वळली. लिंबाखाली नजर जाताच जागच्या जागी थांबली. हातातली पिशवी खाली पडली.

शालूनं डोळे मिटून घेतले. आता आई हंबरडा फोडेल.

"आला?" आई ओरडली. "कवा आला गं? मला सांगावा तर धाडायचा!"

शालूनं डोळे उघडले. आईचं तोंड इतकं फुललेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"आई..."

"बापाकडं गेला आसंल मेंढरात. त्याला कुठला धीर!" मंजुळाबाई बोलत बोलत आत शिरली. "आन् ही काय कातरायची रीत झाली? लई घाई केलीत दोघांनी!"

आत तांब्या वाजला, भाकरीची दुरडी सरकली. शालू दारापाशी गेली. हाताला लोकर चिकटली होती, ती पुसली जाईना.

मंजुळाबाई भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. पदर डोक्यावरून नीट घेतलेला. उंबऱ्याच्या आत उभी राहून ती शालूच्या खांद्यावरून रस्त्याकडं बघायला लागली.

"सरक की बाजूला," ती म्हणाली. "ओवाळल्याबिगर त्याला आत नाय घ्यायचं."

शालू दारातून हलली नाही.