सात सेकंदांचं दार

भास्करने दार आपोआप ओढून घेणाऱ्या क्लोजरचा स्क्रू पाव फेरा आवळला, तसं इमारतीचं दार सावकाश लागलं. त्याला हे काम शिकवणारे घोरपडे वस्ताद काठी टेकून मागेच उभे होते.

"सात सेकंद मोजले मी," ते म्हणाले. "नियम चारचा आहे."

"चार सेकंदांत तुमचा पाय उंबऱ्यातच राहील, वस्ताद. मग रोज सकाळी समोरच्या इमारतीत आक्कांकडे जाणार कसे?"

"बाहेरची विषारी हवा माझ्यासाठी दारात थांबणार आहे का? तळमजल्यावर अडीच महिन्यांचं पोर आहे. एवढं विष त्याला पुरे."

वस्तादांनी त्याच्याकडून स्क्रू ड्रायव्हर घेतला. हात वरपर्यंत पोचेना, तेव्हा परत दिला. भास्करने स्क्रू सैल केला.

वस्तादांनी गळ्यातला मास्क काढून भास्करच्या पिशवीत ठेवला.

"कुणाच्या तरी कामी येईल. आणि आक्काला सांग, उद्यापासून सकाळी खिडकीत बसत जा म्हणावं. मीही बसेन."

भास्कर स्वतःचा मास्क चढवून बाहेर पडला. मागे दार लागेपर्यंत त्याने सवयीने मोजलं. बरोबर चार भरले.