शेवटचा पाय

बाबांचं कृत्रिम हृदय बनवणारी कंपनी बुडाली, आणि आज सकाळी तिच्या प्रत्येक हृदयाच्या शरीराबाहेरच्या डबीतली चिप बंद पडली. स्वयंपाकघरात निजवलेल्या बाबांचं रक्त आई हातपंपाचा रबरी फुगा दाबून खेळतं ठेवत होती. ओट्यापाशी त्यांची मुलगी शलाका त्या डबीतल्या सर्किट बोर्डावरून बंद चिप सोडवत होती. हातात स्वस्तातलं सोल्डरिंग आयर्न आणि भुवयांचा चिमटा. नवी चिप वाटीत तयार होती.

“घाई करू नकोस,” आई म्हणाली. “पण लवकर कर गं.”

चिपच्या शेवटच्या पायाचं कथील वितळेना. बाबांचे ओठ निळे पडू लागले, तशी शलाकाने चिप ओढलीच.

चिप निघाली. तिच्या पायाला चिकटून बोर्डावरची तांब्याची पट्टीही उखडून आली. नवी चिप जोडायला जागाच उरली नाही.

“झालं का?” आईने विचारलं. “माझे हात भरून आलेत.”