चपला काढलेलं घर

२००६च्या फेब्रुवारीत, दूर दक्षिण गोलार्धातल्या स्ट्यूअर्ट बेटावर, सरलाबाई एका अनोळखी घराच्या पायरीवर चपला काढत होत्या.

"आई, हे कुणाचं तरी घर आहे. असं घुसायचं नसतं," मकरंद दबक्या आवाजात म्हणाला.

"एवढ्या चपला बाहेर आहेत, म्हणजे काहीतरी कार्य असणार. सत्यनारायणाला कुणी आमंत्रणाची वाट बघतं का?"

सकाळी क्रूझच्या जहाजाने खाडीत नांगर टाकला होता. छोट्या बोटींतून माणसं गाव बघायला उतरली होती. गाव कसलं, एक दुकान, एक पब आणि टेकडीवर घरं. चारच्या शेवटच्या बोटीने परतायचं होतं. ही सहल मकरंदने आईसाठी काढली होती, कारण त्याच देशातल्या त्याच्या अल्बनीच्या घरात दोघांना एकमेकांशी बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. वडील जाऊन दीड वर्ष झालं, पण त्यांचं नाव एकदाही त्याच्या तोंडून आलं नव्हतं. इकडे राहून पोरगा कोरडा झाला, असं सरलाबाईंनी मनाशी धरून ठेवलं होतं.

आतून एक थोराड माओरी बाई आली. तिचे डोळे सुजलेले होते. "किया ओरा," असं तिच्या भाषेत स्वागत केलं, आणि कोण, कुठल्या, काही न विचारता सरलाबाईंचा हात धरून तिने त्यांना आत नेलं.

आत सत्यनारायण नव्हता. मधोमध उघडी शवपेटी होती. तिच्यात पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा, अंगात निळा स्वेटर. भोवती गाद्या टाकून माणसं बसली होती. कुणी रडत होतं, कुणी त्या म्हाताऱ्याचेच किस्से सांगून हसत होतं.

"माझा नवरा," बाई इंग्रजीत म्हणाली. "तीन दिवस झाले. मुलगा पर्थहून येतोय. वाऱ्यामुळे विमान समुद्रापलीकडे इन्व्हरकारगिलला अडकलंय."

"तीन दिवस? मग अजून ठेवलंत?"

बाईला प्रश्नच कळला नाही. "मुलगा यायचाय ना," ती म्हणाली.

सरलाबाईंनी वळून पाहिलं. मकरंद दारातच उभा होता, बूट हातात धरून. नजर त्या पेटीवर. त्याचे वडील गेले त्या संध्याकाळी पुण्यात जगदीशभावजींनी विचारलं होतं, "वहिनी, मकरंद सिंगापूरला पोचलाय. सकाळपर्यंत थांबायचं का?" आणि सरलाबाईच म्हणाल्या होत्या, "नको. रात्रभर ताटकळत ठेवू नका त्यांना." सकाळी मकरंद बॅग घेऊन दारात आला, तेव्हा वडिलांची खाटसुद्धा धुऊन भिंतीला टेकवून झाली होती.

"आई, चल." तो म्हणाला. "शेवटची बोट सुटेल."

"सुटू दे," गादीवर बसत सरलाबाई म्हणाल्या. "त्यांचा मुलगा यायचाय. आपण थांबू."

मकरंदने बूट बाहेर नेऊन ठेवले आणि आईशेजारी येऊन बसला. मग त्याने विचारलं, "बाबांच्या अंगात शेवटी काय होतं गं?"

"तुझाच शर्ट. कॉलेजातला, चौकटीचा."

जहाज त्यांना न घेताच गेलं. म्हाताऱ्याचा मुलगा दुसऱ्या दिवशी पोचला, आणि मगच पेटी बंद झाली. मकरंद अजून अल्बनीलाच आहे. वडिलांचे किस्से सांगायला लागला की थांबत नाही.

सरलाबाई २००९ साली पुण्यात वारल्या. मकरंद येईपर्यंत थांबायचं, असं जगदीशभावजींना त्यांनी आधीच बजावून ठेवलं होतं. मकरंद दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचला, तेव्हा दारापासून खाली जिन्यापर्यंत चपलाच चपला होत्या.